बादलीभर पाणी, ओंजळभर राख

रेक्टर मॅडमनी कितीही नोटिसा लावल्या तरी थंडीत रूमवर पाणी तापवायचा रॉड निघतोच. दीड किलोवॉटचा रॉड अर्धा तास, म्हणजे पाऊण युनिट. एका युनिटला साधारण 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. करा हिशोब! एका आंघोळीमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास राख. ती जाते कुठे?

यातली साधारण ऐंशी टक्के राख पिठासारखी बारीक, धुराबरोबर उडणारी. तिला चिमणीच्या आधी ईएसपी हे यंत्र विद्युतभार देऊन पकडतं (व्हायव्हात हमखास विचारतात). ही कोरडी राख सिमेंटवाले नेतात; पीपीसी सिमेंटमध्ये ती 35 टक्क्यांपर्यंत चालते. बॉयलरच्या तळाची जाड राख आणि उचल न झालेली बारीक राख मात्र पाण्यात कालवून पाइपने राख-तलावात सोडतात. (मी कॉन्व्हेंटवाली, 'अ‍ॅश पॉण्ड'ला हाच शब्द सुचला. सांभाळून घ्या.)

माझ्या मते खरी गोची इथेच आहे. एकदा भिजली की सिमेंटवाल्यांना ती नको असते, मग ती गावाच्या वाट्याला येते. नागपूरजवळ कोराडी-खापरखेडा पट्ट्यात हेच चाललंय. उन्हाळ्यात तलावाचा वरचा थर सुकतो आणि वाऱ्याने उडून पिकांवर, घरांत बसतो. राखेत आर्सेनिक, शिसं, पारा अल्प प्रमाणात असतात. तलावाच्या तळाला अस्तर नसेल तर ते झिरपून विहिरीत उतरू शकतात. त्यामुळे गावकरी 'आधी पाणी तपासा' म्हणतात त्यात अडाणीपणा काही नाही.

पावसाळ्याची भीती वेगळीच. 16 जुलै 2022 ला कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राख-बंधारा फुटला. राखेचं पाणी शेतांत शिरलं, कोलार नदीत गेलं, तिथून कन्हानला मिळालं. आणि कन्हानचं पाणी नागपूर शहर पितं!

नियम आहेत. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे वीज केंद्रांनी सगळी राख वापरात आणायची, जुनी साठलेली दहा वर्षांत संपवायची. नाहीतर न वापरलेल्या राखेवर टनाला 1000 रुपये भरपाई. म्हणजे आपल्या बादलीमागे वीस पैसे. तेवढ्यासाठी कुणी राख दूरच्या सिमेंट कारखान्यापर्यंत नेईल का? ट्रकचं भाडं सिव्हिलवाल्यांना विचारून बघा.