दंशाची खाज आणि दंशातील धोका : घरातील कीटकांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत, घर दगडमातीच्या भिंतींचे व माळवदाचे असो वा शहरातील सिमेंटचे, डास, ढेकूण, पिसवा, मुंग्या आणि विंचू यांच्याशी माणसाचा संबंध वर्षभर येतच असतो. तरीही अंगावर गांध उठली की ‘काहीतरी चावले’ एवढ्यावरच बहुधा विचार थांबतो. यातून दुहेरी नुकसान होते. फारशा अपायकारक नसलेल्या दंशासाठी घरात घातक विषे आणली जातात आणि ज्या दंशातून खरोखर आजार संभवतो, त्याची खाज तासाभरात जाते म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही. खाज आणि धोका यांचे प्रमाण एकसारखे नसते, हे या विषयातील सर्वांत महत्त्वाचे सत्य असून पुढील बहुतेक गैरसमज ते न कळल्यामुळेच टिकून राहिले आहेत.

गैरसमज : डाग पाहून कोणता कीटक चावला हे सांगता येते.

वस्तुस्थिती : रक्त शोषताना ते गोठू नये म्हणून कीटक आपली लाळ त्वचेत सोडतो आणि त्या लाळेतील प्रथिनांना शरीर जो प्रतिसाद देते, तोच सूज व खाज या रूपाने दिसतो. हा प्रतिसाद माणसागणिक वेगळा असल्यामुळे एकाच अंथरुणावर झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगभर गांधी उठतात, तर दुसऱ्याच्या अंगावर काहीच दिसत नाही. ढेकणाच्या दंशाची खूण काही वेळा कित्येक दिवसांनी उमटते. म्हणून डागापेक्षा त्रास केव्हा होतो, शरीराच्या कोणत्या भागावर होतो आणि घरात आणखी कोणाला होतो, हे तीन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. सकाळी उठल्यावर हात, मान, पाठ अशा उघड्या भागांवर एका ओळीत किंवा झुबक्याने पुरळ दिसल्यास ढेकणांचा संशय घ्यावा. घोटे आणि पोटऱ्या यांवरच बारीक लाल ठिपके दिसल्यास पिसवांचा. आणि विखुरलेल्या, लवकर ओसरणाऱ्या गांधी बहुधा डासांच्या असतात.

दोन विकार मात्र दंश नसूनही दंशासारखे भासतात. अंगावर पित्त उठते तेव्हा प्रत्येक गांध साधारणपणे 24 तासांच्या आत मावळते आणि नवी दुसरीकडे उठते, तर दंशाची पुळी त्याच जागी काही दिवस राहते. खरूज हा त्वचेत बीळ करून राहणाऱ्या सूक्ष्म माइटचा, म्हणजे कोळ्यांच्या वर्गातील आठ पायांच्या जीवाचा, संसर्ग आहे. तिची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर व कमरेभोवती अधिक असते आणि पहिल्या संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी सुरू होते. ‘रक्त बिघडले’ असे समजून रक्तशुद्धीची औषधे घेत राहिल्याने ती बरी होत नाही. डॉक्टरांनी दिलेले मलम घरातील सर्वांनी, खाज नसलेल्यांनीही, एकाच वेळी लावावे लागते.

गैरसमज : ढेकूण अस्वच्छ घरातच होतात आणि अंथरूण उन्हात टाकले की मरतात.

वस्तुस्थिती : ढेकणाला लागते ते रक्त आणि लपायला फट, त्यामुळे प्रवासाच्या सामानातून, वसतिगृहातील गादीतून किंवा जुन्या फर्निचरमधून तो अगदी स्वच्छ घरातही येतो. ढेकणांमुळे माणसांत रोग पसरत असल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु झोपमोड आणि लाज यांमुळे त्यांचा त्रास मोठा वाटतो. गोधडी उन्हात टाकण्याची रीत चांगली असली, तरी ती अपुरी आहे. मराठवाड्यातील उन्हाळ्यात हवेचे तापमान 42-43 अंशांवर गेले, तरी जाड वाकळीच्या आतला भाग तितका तापत नाही आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. सुमारे 50 अंश सेल्सिअसची उष्णता आतपर्यंत पोहोचली, तर ढेकूण आणि त्यांची अंडी दोन्ही मरतात; म्हणून कपडे उकळत्या पाण्यात भिजवणे, बाजेचे सांधे व लोखंडी पलंगाच्या खाचा यांवर उकळते पाणी ओतणे आणि भिंतीच्या भेगा बुजवणे हे उपाय, काही आठवडे पुन्हा पुन्हा केल्यास, अधिक परिणामकारक ठरतात.

येथे एक इशारा अत्यंत निकडीचा आहे. धान्य साठवताना वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी राहत्या घरात कधीही ठेवू नयेत. हवेतील ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन हा वायू सुटतो, तो फटींतून शेजारच्या खोलीतही पोहोचतो आणि त्यावर कोणताही उतारा उपलब्ध नाही. ढेकणांनी सहसा कोणाचा जीव जात नाही. या गोळ्यांनी झोपलेली कुटुंबे दगावलेली आहेत.

गैरसमज : डास घाणीत होतात आणि रात्रीच चावतात.

वस्तुस्थिती : डासांच्या जातींनुसार पाणी आणि वेळ दोन्ही बदलतात. डेंग्यू व चिकुनगुनिया पसरवणारा एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि मुख्यतः दिवसा, विशेषतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी, चावतो. पाणीटंचाईच्या प्रदेशात या गोष्टीला विशेष महत्त्व येते. एप्रिल 2016 मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; जेथे नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येते, तेथे रांजण, हौद, पिंप आणि टाकी भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि कोरड्या वर्षातही डेंग्यूचे रुग्ण आढळतात याचे एक कारण हेच आहे. एडिसची मादी भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ, अंडी चिकटवते आणि ती कोरडी राहूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळताना पाणी ओतून देणे पुरत नाही, भांडे आतून घासावे लागते. जे हौद रिकामे करता येत नाहीत त्यांवर घट्ट झाकण ठेवावे किंवा आरोग्य कर्मचाऱ्यांकडून त्यांत अ‍ॅबेट हे अळीनाशक टाकून घ्यावे. धूरफवारणीने त्या क्षणी उडणारे डासच मरतात, पाण्यातील अळ्या तशाच राहतात.

घाणीशी खरा संबंध आहे तो क्युलेक्स डासाचा. शौचालयाच्या टाक्या आणि तुंबलेली गटारे यांत वाढणारा हा डास रात्री चावतो आणि हत्तीरोग पसरवतो. राज्यातील हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत नांदेड व लातूर या दोहोंचा समावेश झालेला आहे. हा रोग एखाद्या दंशाने होत नाही, दीर्घकाळ वारंवार होणाऱ्या दंशांतून होतो, आणि पाय सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे जंतू शरीरात असू शकतात. म्हणूनच निरोगी दिसणाऱ्या माणसांनाही सामुदायिक मोहिमेत गोळ्या दिल्या जातात.

गैरसमज : पिसवा म्हणजे केवळ कुत्र्यामांजरांचा त्रास.

वस्तुस्थिती : पिसू उंदरांवरही जगते आणि उंदीर मेल्यावर त्याचे थंड होणारे शरीर सोडून नवा आश्रय शोधते. ऑगस्ट 1994 मध्ये मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातील मामला या गावी, गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले, तेव्हा उंदरांचे मरणे आणि पिसवांचा उपद्रव ही दोन्ही चिन्हे आधी दिसली होती. आज पिसू चावली म्हणून प्लेगची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र एकाच वेळी अनेक उंदीर मेलेले दिसल्यास त्यांना उघड्या हाताने न उचलता आरोग्य केंद्राला कळवावे.

गैरसमज : सकाळी अंगावर दिसणारा जळजळीत पट्टा म्हणजे कोळी फिरला किंवा नागीण झाली.

वस्तुस्थिती : पावसाळ्यात दिव्याकडे ओढला जाणारा पेडेरस नावाचा काळ्या-नारिंगी रंगाचा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा किडा चावत नाही आणि डंखही मारत नाही, तो अंगावर चिरडला गेला की त्याच्या शरीरातील पेडेरिन या द्रव्याने त्वचा भाजते आणि एक-दोन दिवसांत लांबट, फोड आलेला पट्टा उमटतो. नागीण हा मज्जातंतूच्या मार्गाने, शरीराच्या एकाच बाजूला होणारा विषाणूचा विकार असून त्यात पुरळ येण्यापूर्वी बहुधा वेदना सुरू होते. असा किडा अंगावर बसल्यास त्याला न मारता फुंकून किंवा कागदाने दूर करावे आणि ती जागा साबणाने धुवावी.

गैरसमज : विंचवाचा उतारा मंत्राने, चुन्याने किंवा लोखंड घासल्याने होतो.

वस्तुस्थिती : बहुतेक विंचूदंशांत केवळ तीव्र वेदना होते आणि ती काही तासांत आपोआप ओसरते, त्याचे श्रेय उताऱ्याला मिळते. लाल विंचवाचे विष मात्र हृदय आणि फुप्फुसांवर आघात करते. मूळचे जालना जिल्ह्यातील देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड येथे काम करताना 1980 च्या दशकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि त्यामुळे गंभीर रुग्णांतील सुमारे 30 टक्के मृत्युदर एक टक्क्याच्या आसपास आला. पुढे 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रतिविष व प्राझोसिन एकत्र दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतात, असे दिसले. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय किंवा धाप यांपैकी काहीही दिसल्यास, आणि रुग्ण लहान मूल असल्यास लक्षणांची वाट न पाहता, 108 ची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावे.

साध्या दंशावर साबणाने धुणे, थंड पाण्याची पट्टी आणि न खाजवणे एवढे पुरेसे असते. मधमाशीचा काटा रुतला असल्यास तो कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला याला महत्त्व आहे. ओठ किंवा जीभ सुजणे, श्वास अडकणे, चक्कर येणे ही तीव्र अ‍ॅलर्जीची चिन्हे असून तेथे घरगुती उपायांत एक मिनिटही घालवू नये. दंशानंतरच्या दिवसांत ताप आला, तर खूण मिटलेली असली तरी रक्ततपासणी करून घ्यावी. मलमाने एका माणसाची एका रात्रीची खाज जाते. झाकलेला हौद, बुजवलेली भेग आणि वाहते गटार यांनी संपूर्ण वस्तीचा आजार टळतो, म्हणून दंशाचा उपचार त्वचेवर सुरू झाला तरी तो घर आणि गल्ली यांपर्यंत नेल्याशिवाय पूर्ण होत नाही.