मोटारींतील स्पीकर आणि घरांतील कान

एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांनीं एके ठिकाणीं दोन-चार तास स्वस्थ बसावें असे प्रसंग आतां विरळाच. त्यांतला एक म्हणजे मोटारीचा प्रवास. कुलदैवताच्या दर्शनास निघालेल्या मंडळींत पुढें मुलगा किंवा सून मोटार चालवीत असते, मागें आजी-आजोबा व नातवंडें असतात, आणि एकच गाणें सर्वांच्या कानांवर पडत असतें. आजोबा म्हणतात, "अरे, शब्द कळत नाहींत." नातू आवाज चढवितो. शब्द तरीही कळत नाहींत; कानठळ्या मात्र बसतात. मोटार चार-सहा वर्षांची असेल तर "स्पीकर बदला" हा सल्ला अशा वेळीं बहुधा योग्यच ठरतो. पण बदलून कोणते घ्यावे, ह्याचा विचार दुकानाची पायरी चढण्यापूर्वींच झालेला बरा.

स्पीकरची रचना जुनी आहे. चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग ह्या दोन अमेरिकन इंजिनिअरांनीं १९२५ सालीं तिचें विवेचन प्रसिद्ध केलें, आणि आजही ती बव्हंशीं तशीच आहे. लोहचुंबकाच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें असतें. गाण्याचा विद्युत्प्रवाह त्यांतून वाहूं लागला कीं तें मागेंपुढें हलतें, त्यास जोडलेला शंकु हलतो, आणि शंकूनें हलविलेली हवा आवाज होऊन आपल्या कानीं येते. ह्या शंकूची कड ज्या पट्टीवर तोललेली असते ती स्पंजाची असेल तर दमट हवेंत कालांतरानें विरते आणि आवाज फाटूं लागतो. रबराची पट्टी पुष्कळ अधिक टिकते. कोंकणांत किंवा मुंबईंत राहणारांनीं तर नव्या स्पीकरांत पहिली नजर ह्या पट्टीवर टाकावी.

बाजारांत मात्र गिऱ्हाइकाची नजर दुसरीकडेच वळविली जाते. खोक्यावर ठळक अक्षरांत "३०० वॅट" असें छापलेलें असतें. स्पीकर क्षणभर किती शक्ति सोसूं शकेल एवढेंच हा आंकडा सांगतो. तो किती मोठ्यानें किंवा किती गोड वाजेल, ह्याशीं त्याचा संबंध नाहीं. शेजारीं बारीक अक्षरांत "आरएमएस" ह्या नांवानें जो लहान आंकडा असतो तो सतत सोसवणाऱ्या शक्तीचा. विचारांत घ्यावयाचा तो. आणि ही शक्ति पुरविणारा कोण, तर मोटारींतील स्टीरिओ. इंजिन चालू असतां मोटारींतील विजेचा दाब १४ व्होल्टांच्या आसपास असतो. निराळा ॲम्प्लिफायर नसेल, तर ह्या दाबावर ४ ओहमच्या स्पीकरास सुमारें २५ वॅटांहून अधिक शुद्ध शक्ति मिळणें गणितानेंच अशक्य आहे. व्यवहारांत १५ ते २० वॅट मिळतात. स्टीरिओच्या तोंडावर "५० गुणिले ४" असें लिहिलेलें असलें म्हणून काय झालें? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार?

तेव्हां ह्या बेताच्या शक्तीचें अधिकांत अधिक आवाजांत रूपांतर करणारा स्पीकर हवा. ह्या गुणास सेन्सिटिव्हिटी म्हणतात. १ वॅट शक्ति दिली असतां १ मीटर अंतरावर किती डेसिबेल आवाज मिळतो, तें ह्या आंकड्यावरून कळतें. डेसिबेलांचा हिशेब साध्या बेरजेचा नाहीं. आवाज ३ डेसिबेलांनीं वाढविण्यास शक्ति दुप्पट लागते. म्हणजे ९२ डेसिबेलांचा स्पीकर १५ वॅटांत जो आवाज देतो, तोच देण्यास ८६ डेसिबेलांच्या स्पीकरास ६० वॅट लागतील, आणि ते तर आपल्या स्टीरिओपाशीं नाहींत. येथें एक खुबी ध्यानांत ठेवावी. कांहीं कारखानदार १ वॅटाऐवजीं २.८३ व्होल्ट दाब धरून मोजणी करतात. ४ ओहमच्या स्पीकरास त्या दाबावर २ वॅट मिळतात. म्हणून अशा आंकड्यांतून ३ वजा करून मगच तुलना करावी. तसेंच मूळ स्टीरिओ ४ ओहमसाठीं असेल तर २ ओहमचे स्पीकर त्यास जोडूं नयेत. त्यावर अधिक प्रवाहाचा भार पडून तो तापतो व बिघडतो.

आतां मापाविषयीं. अनेक मोटारींच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसतात, परंतु व्यासाइतकीच खोलीही मोजावी लागते. दाराची कांच पूर्ण खालीं उतरवून मगच माप घ्यावें, नाहीं तर मोठ्या चुंबकावर कांच आपटते आणि नाकापेक्षां मोती जड असा प्रकार होतो. बसविण्याची कडी प्लॅस्टिकची असावी. लाकडी भुशाच्या फळीची कडी पावसाळ्यांत दारांत शिरणाऱ्या पाण्यानें फुगते.

स्पीकरांचे मुख्य प्रकार दोन. कोॲक्शियलमध्यें उंच स्वरांचा लहान ट्वीटर मोठ्या शंकूच्या मध्यावरच असतो. काँपोनंट प्रकारांत तो निराळा असून कांचेलगतच्या खांबावर, कानांच्या उंचीजवळ बसवितां येतो. हा भेद ऐटीचा नव्हे. बोलण्यांतील स्वरांचा जोर खालच्या कंपनांत असतो, पण "स", "श" यांसारखीं व्यंजनें उंच कंपनांवर अवलंबून असतात, आणि वार्धक्यांत ह्याच उंच कंपनांचें श्रवण प्रथम मंदावतें. शिवाय उंच कंपनें सरळ रेषेंत जातात. पायांशीं बसविलेल्या स्पीकरांतून निघालेलीं गाद्यांत व कपड्यांत जिरतात. आजोबांना गाणें ऐकूं येतें पण शब्द कळत नाहींत, ह्याचें मर्म हें आहे. आवाज चढवून तें दुखणें बरें होत नाहीं.

मोटारीचे शौकीन सांगतात कीं सर्व पैसा पुढच्या जोडीवर खर्चावा, मागची जोडी नसली तरी चालेल. एकट्यानें हिंडणारास हा सल्ला उत्तम. पण आपल्या घरांत वडीलधारीं माणसें मागें बसतात. पुढचाच आवाज त्यांच्यापर्यंत पोहोंचवावयाचा तर चालविणाराचे कान किटतात आणि मागून येणाऱ्या मोटारीचा कर्णा त्यास ऐकूं येत नाहीं. म्हणून पुढें काँपोनंट घेतले तरी मागें त्याच जातीचे, ट्वीटर वरच्या बाजूस वळवितां येणारे कोॲक्शियल बसवावे, आणि स्टीरिओच्या फेडरनें पुढचामागचा तोल साधावा.

थोडा पैसा दारासाठींही राखावा. शंकूच्या पाठीमागून निघणारा आवाज दारांतील भोंकांतून पुढें आला कीं समोरच्या आवाजाशीं त्याचा विरोध होऊन खालचे स्वर पुसले जातात. भोंकें बुजवून पत्र्यास आंतून जड चिकट पट्ट्या लावल्या तर तोच स्पीकर भरदार वाजूं लागतो. मात्र तळाशीं पाणी निघून जाण्यास ठेवलेलीं छिद्रें बुजवूं नयेत. जोडणींत मूळ तारा न कापतां तयार जोड घ्यावा, आणि सर्व स्पीकरांचीं धन व ऋण टोंकें जुळलीं आहेत ना, तें पाहावें. एक जरी उलटा जोडला गेला तरी महागड्या स्पीकरांतूनही तबल्याचा बायां नाहींसा होतो.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं पुरस्कारलेल्या मानकांत, जवळ बाळगावयाच्या ध्वनियंत्रांसाठीं प्रौढांस आठवड्याला ८० डेसिबेलांचे ४० तास व मुलांस ७५ डेसिबेलांचे ४० तास अशी मर्यादा आहे. दर ३ डेसिबेलांमागें ही मुदत निम्म्यावर येते. ९० डेसिबेलांस प्रौढांचेही चारच तास उरतात. यंत्र निराळें असलें तरी कान तेच. कानांतील सूक्ष्म पेशी एकदां गेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत. स्पीकर मात्र बाजारांत केव्हांही मिळतात.

म्हणून दुकानांत ढोलताशांचा दणका ऐकून भुलूं नये. ओळखीचें एखादें भाषण व एखाद्या गायिकेचें गाणें लावावें, आवाज इतका खालीं ठेवावा कीं दोघांस सहज बोलतां यावें, आणि कोणत्या स्पीकरांतून शब्द स्पष्ट कळतात, ह्याचा निकाल घरांतील सर्वांत वृद्ध माणसावर सोंपवावा. त्यांस जो मानवेल तो नातवंडांच्या कानांसही सोसवेल.