कार्ड बदलण्यापूर्वी केबल तपासा

वीज केंद्रातील गॅस टर्बाइन अनेक दशके चालते. त्याचे नियंत्रण करणारी इलेक्ट्रॉनिक कार्डे मात्र त्याआधीच बाजारातून हद्दपार होतात. जनरल इलेक्ट्रिक कंपनीची 'मार्क ६' ही नियंत्रणप्रणाली त्याचे ठळक उदाहरण. तिच्यात तीन नियंत्रक एकच काम करतात आणि दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. हा संवाद 'व्हीसीएमआय' कार्ड 'आयओनेट' या जाळ्यावरून साधते.

कार्डाच्या क्रमांकातील 'एच१' म्हणजे आयओनेटचे एक पोर्ट, 'एच२' म्हणजे तीन. तीन नियंत्रकांच्या रचनेत 'एच१' बसवले, तर इतर दोघांचे संदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणूनच सुटे कार्ड घेताना क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवावा.

संवाद तुटला म्हणजे कार्डच बिघडले, असे नव्हे. आयओनेटच्या कोअ‍ॅक्सियल केबलला दोन्ही टोकांस ५० ओहमचे टर्मिनेटर लागतात. एक सैल झाला तरी ती शाखा अडखळते. त्यामुळे तपासणीचा आरंभ तिथूनच व्हावा. नव्या कार्डातही योग्य संगणकप्रणाली भरावी लागते. या कामात दिरंगाई परवडत नाही, कारण एक नियंत्रक गप्प असताना दुसरा अडखळला, तर टर्बाइन बंद पडू शकते.