पहिली गाडी सेल्समन विकतो, दुसरी गाडी वर्कशॉप विकतं



या वेळच्या व्हिडिओत आपण कार डीलरचं उदाहरण घेतलं होतं. कायद्याचे मुद्दे व्हिडिओत घाईत निघून जातात, म्हणून ते इथे नीट लिहून देतोय. तुमचं किराणा दुकान असो, मोबाईल रिपेअरिंग असो की मोटर रिवाइंडिंग, शेवटपर्यंत वाचा. विषय गाडीचा असला तरी हिशोब तुमच्याच धंद्याचा आहे.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गाडी घेणं म्हणजे घरातलं कार्यच असतं. सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, दसरा-दिवाळी तोंडावर आली की चकरा सुरू होतात. घाटावरचे लोक बुलढाणा, चिखली, संभाजीनगर बघतात, घाटाखालचे खामगाव, मलकापूर, अकोला बघतात. सोबत चार माणसं जातात, गाडीला हार घालतात, फोटो निघतो, पेढे वाटले जातात. त्या दिवशी सगळेच खुश! डीलरची खरी परीक्षा मात्र दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि पुढची सात-आठ वर्षं चालते.

या परीक्षेत डीलर कुठे नापास होतो? बहुतेक वेळा गाडी खराब निघाली म्हणून नाही. ग्राहकाला जी गोष्ट आधी कळायला हवी होती, ती नंतर कळली म्हणून. आधी सांगितलं तर ती माहिती असते. तेच नंतर सांगितलं तर ग्राहकाला ती सबब वाटते.

गोव्याची केस: कंपनी सुटली, डीलर अडकला

गोव्यातल्या एका ग्राहकाने टाटा कंपनीच्या एका डीलरकडून गाडी घेतली. पैसे २०११ च्या नव्या गाडीचे दिले. हातात आलेली गाडी निघाली २००९ सालची आणि ती ६२२ किलोमीटर आधीच चाललेली होती. ग्राहकाने बदलून मागितली, मिळाली नाही. मग तो ग्राहक मंचात गेला. जिल्हा मंच, राज्य आयोग आणि राष्ट्रीय आयोग, तिन्ही ठिकाणी निकाल ग्राहकाच्या बाजूने लागला आणि डीलरसोबत कंपनीलाही जबाबदार धरलं गेलं.

कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल आला. न्यायालयाने पाहिलं की कंपनी आणि डीलर यांचा व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा आहे. कंपनीने गाडी डीलरला विकली, पुढे डीलरने ती ग्राहकाला विकली. डीलरने काय सांगून विकली यात कंपनीचा हात होता, असं सिद्ध झालं नाही. म्हणून कंपनी सुटली. डीलरवरची जबाबदारी मात्र तशीच राहिली.

आता स्वतःला विचारा. आपल्या दुकानावर बोर्ड मोठ्या कंपनीचा असतो. गडबड झाली की आपण म्हणतो, "भाऊ, कंपनीतूनच तसं आलं." तुम्ही स्वतः जे बोललात किंवा लपवलंत, त्याला हे उत्तर चालत नाही. त्याचा जाब काउंटरवरच्या माणसालाच द्यावा लागतो.

डीलरने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, "गाडी २००९ ची आहे, थोडी चाललेली आहे, म्हणून इतके पैसे कमी," तर? कदाचित त्याच ग्राहकाने हसत घेतली असती. जुना स्टॉक विकणं गुन्हा नाही. तो नवा म्हणून विकला की प्रकरण अंगाशी येतं.

गाडी घेताना काय बघायचं

ग्राहक म्हणून तुमच्यासाठी चार गोष्टी:

१. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, वाचा. त्यात गाडी कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी बनली ते लिहिलेलं असतं. चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवून बघा.

२. मीटरचं रीडिंग बघा आणि डिलिव्हरीच्या कागदावर लिहून घ्या.

३. विमा शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. नव्या कारला थर्ड पार्टी विमा ३ वर्षांचा लागतो, हा नियम सप्टेंबर २०१८ पासून आहे. पण कंपनी कोणती, एजंट कोण, हे तुम्ही ठरवायचं.

४. अॅक्सेसरीज, हँडलिंग, एक्स्टेंडेड वॉरंटी अशी प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा. कशाचे पैसे ते विचारा. पावती नाही, तर पैसेही नाहीत.

वर्कशॉपमध्ये ग्राहक का तुटतो

समजा, मेहकरचा एक शेतकरी सर्व्हिसिंगला गाडी देतो. सकाळी सांगितलं, "साडेचार हजार होतील." संध्याकाळी बिल आलं नऊ हजार. ब्रेक पॅड बदलले, एसीची सफाई केली, इंजिनचं कसलं तरी क्लीनिंग केलं. कामं कदाचित खरंच गरजेची असतील. घाटात रोज चढ-उतार करणाऱ्या गाडीचे ब्रेक झिजणारच. पण त्या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट बसते: मला न विचारता केलं. तो भांडणार नाही. बिल भरेल, घरी जाईल आणि पारावर बसून दहा जणांना सांगेल. पुढची गाडी तो दुसऱ्या कंपनीची घेईल. सेल्समनला कधी कळणारही नाही की त्याचं गिऱ्हाईक वर्कशॉपमध्ये तुटलं.

यावरचा उपाय फुकट आहे:

- जॉब कार्डवर ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहा. "उजव्या बाजूने कटकट आवाज येतो" असं. "जनरल चेकअप" लिहून मोकळं होऊ नका.
- अंदाजापेक्षा जास्त खर्च दिसला की काम थांबवा आणि फोन करा. फोटो पाठवा. "हो" आल्यावरच पुढे जा.
- बदललेला जुना पार्ट पिशवीत घालून ग्राहकाला दाखवा.
- गाडी उद्या मिळणार असेल तर आज दुपारीच सांगा. लोणारहून आलेला माणूस संध्याकाळी सातला "उद्या या" ऐकतो, तेव्हा त्याचे दोन दिवस गेलेले असतात.

बिल देत नाही म्हणता? थांबा

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. या कायद्यात विकलेल्या मालाचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. हे शोरूमलाही लागू आहे आणि रस्त्यावरच्या गॅरेजलाही.

दुसरा मोठा बदल असा की ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तो तक्रार करू शकतो. म्हणजे गाडी अकोल्यातून घेतलेली असली तरी शेगावच्या माणसाला तक्रार बुलढाण्यात करता येते. ५० लाखांपर्यंतचे व्यवहार जिल्हा आयोगाकडे येतात. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत साधारण दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो, अनेक वाद तिथेच मिटतात.

धंदेवाल्यांनी हे ऐकून घाबरायचं कारण नाही. सही केलेलं जॉब कार्ड, मेसेजवर आलेला "हो" आणि पक्कं बिल, हे तीन कागद ग्राहकाला जसे कामी येतात तसेच तुम्हालाही येतात. खोटी तक्रार आली तर वाचवणारे तेच आहेत.

या आठवड्याचं काम

एक वही घ्या. आपल्या धंद्यात ग्राहकाला कोणत्या पाच गोष्टी उशिरा कळतात, त्या लिहा. डिलिव्हरीचा वेगळा खर्च, वॉरंटीत न बसणारा भाग, माल यायला लागणारे दिवस, जे असेल ते. मग त्या पाच गोष्टी मोठ्या अक्षरात कागदावर लिहून काउंटरवर लावा.

पहिले चार दिवस एखाद-दुसरं गिऱ्हाईक परत जाईल. जाऊ द्या. जे थांबेल ते सगळं माहीत असूनही थांबलंय. पुढच्या दिवाळीला तेच आपल्या भावाला घेऊन तुमच्या दुकानात येईल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत.