चेन्नईतील सरकारी घरे

तमिळनाडू झोपडपट्टी निर्मूलन मंडळ : स्थापना १९७०, तेव्हाचे मुख्यमंत्री एम. करुणानिधी. झोपडपट्टी कायदा १९७१चा. २०२१मध्ये मंडळाच्या नावातून ‘झोपडपट्टी’ गेली. आता ‘नागरी अधिवास विकास मंडळ’.

पुनर्वसन : जुन्या जागीच इमारत, नाहीतर शहराच्या कडेला स्थलांतर. कन्नगी नगर, सेम्मंचेरी आणि पेरुंबक्कम या दुसऱ्या प्रकारच्या मोठ्या वसाहती. आयटी कंपन्यांच्या पट्ट्यातल्याच. २००४च्या त्सुनामीतली विस्थापित कुटुंबे सेम्मंचेरीत आली.

पेरुंबक्कमचा लाइटहाउस प्रकल्प (नव्या बांधकाम तंत्राचा केंद्राचा नमुना प्रकल्प) : १,१५२ घरे. भिंती, स्लॅब आधी साच्यात ओतलेले, जागेवर फक्त जोडलेले. उद्घाटन २६ मे २०२२.

उत्पन्नाचा निकष : पंतप्रधान आवास योजनेत सर्वांत खालच्या गटासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत.

मुंबईहून वेगळे : मुंबईच्या ‘एसआरए’ म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत (१९९५) बिल्डर विक्रीच्या फ्लॅटमधून मोफत घरांचा खर्च काढतो. चेन्नईत मंडळ मुख्यतः सरकारी पैशातून बांधते.