पाण्याचा दर कुठे ठरतो?

भुसावळहून वाहत आलेली तापीच इथे आपल्या नळाला येते. तिच्या पाण्याचा दर मात्र महापालिकेत ठरतो. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग सर्वसाधारण सभा मंजुरी देते. हे सगळं मार्चच्या आत उरकतं. नंतर वेराबिल हातात घेऊन कुरकुरण्यात अर्थ नसतो. म्हणून नगरसेवकाला जानेवारीतच गाठा, असं आम्ही सांगतो.

पैसा नुसत्या वेऱ्यातून येत नाही. सरकारी अनुदान असतंच, पण सुरत महापालिका सांडपाणी शुद्ध करून विकतेसुद्धा! २०१४ मध्ये बमरोलीत रोज ४ कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. ते पाणी पांडेसरातल्या मिलांना जातं, आपली कितीतरी माणसं जिथे कामाला आहेत तिथेच. तेवढं तापीचं पाणी घरांसाठी उरतं.