धक्का नसलेले बंदर

खामगावच्या बाजारात कापसाच्या शंभर गाड्या एकदम आल्या आणि काटा एकच असला, म्हणजे काय होते ते आपणांस सांगायला नको. गाड्या कितीही येवोत, माल हलतो तो काट्यावरून उतरेल तेवढाच. समुद्रापार फौज नेण्याचे गणितही असेच आहे. बोटी किती निघाल्या, हा हिशेब सोपा. पलीकडे रोज उतरते किती, हा खरा हिशेब.

पहिल्या महायुद्धात सहावी पुणे डिव्हिजन ऑक्टोबर १९१४ पासून मुंबईहून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेली. तीत मराठा पलटणीही होत्या. २२ नोव्हेंबरला बसरा हाती आले. पण ते बंदर नावाचेच. मोठी बोट लागेल असा धक्का तेथे नव्हता. बोट नदीच्या पात्रात नांगरायची, माल होड्यांत उतरवायचा, होडीतून चिखलाच्या काठावर, आणि तिथून हमालाच्या पाठीवर. एकच पोते तीनदा उचलायचे!

पुढे आगगाडी नाही, धड रस्ता नाही. टायग्रिस नदी उथळ आणि वळणावळणांची; तीवर चालतील अशा आगबोटी मोजक्या. फौज जसजशी वर सरकली तसतशी प्रत्येक फेरी लांबली, बोटी मात्र पुरेशा वाढल्या नाहीत. अंतर दुप्पट झाले की तेवढ्याच बोटींनी माल निम्मा पोचतो. हे कोणताही गाडीवान सांगेल, पण गाडीवानाला विचारतो कोण?

डिसेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन कूत येथे वेढली गेली. तिला सोडवण्यास नव्या पलटणी आल्या, तर वर न्यायला आगबोटी नाहीत म्हणून त्यांतले हजारो शिपाई बसऱ्यातच अडकले. जे पुढे गेले त्यांतील जखमी उघड्या मालवाहू तराफ्यांवर पडून परत आले. या प्रयत्नांत सुमारे २३,००० माणसे मेली वा जायबंदी झाली. आत घोडे कापण्याची वेळ आली. धर्माच्या भावनेने पुष्कळ शिपाई ते मांस खाईनात. १४७ दिवसांनी, २९ एप्रिल १९१६ रोजी, सुमारे १३,००० माणसे शरण गेली.

१९१७ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. तोवर बसऱ्यास धक्के उभे राहिले होते, हिंदुस्थानातून रूळ, बोटी व मजूर नेले होते. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद पडले. माल उचलायला माणसे कमी पडली, तेव्हा हिंदुस्थानच्या तुरुंगांतले कैदीही हमाल-पलटणींत भरती करून नेले, शिक्षेत सूट मिळेल या आश्वासनावर.